साडेचार मात्रा

पडदा वर जातो असं म्हणावं, तर या रस्त्यावर पडदेच नाहीत.

गाव बाडहूव्हडॉर्प, स्किपोल विमानतळाला अगदी खेटून. लाल विटांच्या एकसारख्या घरांची रांग, प्रत्येक घराला पुढे एक मोठी काच, आणि आतला संसार नाटकाच्या सेटसारखा रस्त्यावरून सरळ दिसणारा. खिडकीच्या कट्ट्यावर दोन कुंड्या, जोडीने, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान, इतकं खाली की चाकं मोजून घ्यावीत. विमान गेलं की पुन्हा सगळं चिडीचूप. साल दोन हजार पाच, सप्टेंबर संपत आलेला, ऊन तिरपं आणि पातळ.

रांगेतल्या चौदा नंबरच्या घरात एक माणूस खिडकीपासून शक्य तितक्या लांब, जिन्याखाली खुर्ची ओढून बसला आहे. वय सत्तेचाळीस, केस विरळ, चष्मा नाकावर घसरलेला. हा रविकांत गोडांबे. विमानातून जाणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर लिहितो. आज रविवार आहे, हवा छान आहे, आणि हा गृहस्थ स्वतःच्याच घरात लपून बसला आहे.

कारण शेजारच्या सोळा नंबरच्या खिडकीत, डाव्या कुंडीच्या जागी, एक नारळ ठेवलेला आहे. शेंडीसकट, कुंकवाचं बोट लावलेला. बसथांब्याकडे जायचं तर त्या खिडकीवरूनच जावं लागतं. गेले बारा दिवस रविकांत तिथून जाताना खाली फरसबंदीकडे बघत जातो.

नारळ तिथे कसा आला हे सांगायचं तर थेट मिरजेपासून सुरुवात करायला हवी.

मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. रविकांतचे वडील पोस्टात. घरात वाद्य नव्हतं, रेडिओ होता. त्या काळी दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की आकाशवाणीवाले हवाईन गिटारची तबकडी लावत. गाणं ओळखीचं, पण गाणारं कोणी नाही. नुसती तार लांबत, घसरत, हुंदका देत गायची. चौथीतल्या रविकांतला वाटायचं, शब्द म्हणणारा माणूस मधेच उठून गेलाय आणि गाणं एकटंच घरी चाललंय. त्याने हट्ट धरला. सायकलच्या दुकानावर एका मास्तरांचा क्लास होता, तिथे गिटार मांडीवर आडवं ठेवून, हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवायला तो शिकला.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंग केलं. एका ऑर्केस्ट्रात दोन वर्षं मागच्या रांगेत दुसरं गिटार वाजवलं. 'दुसरं गिटार' म्हणजे काय, हे ज्याने रंगमंचावर भालदाराचं काम केलंय त्याला कळेल. नोकरी लागली, संध्याशी लग्न झालं, गिटार कपाटावर गेलं. मूलबाळ झालं नाही. नव्याण्णव साली नोकरीनेच हॉलंडला आणलं.

आणि इथे, मराठी मंडळाच्या पहिल्याच बैठकीत, त्याने एक वाक्य उच्चारलं.

सगळे गोल बसून आपापली ओळख करून देत होते. लायडनला संशोधन करणारा नीळकंठ म्हणाला, मी तबला वाजवतो, बारा वर्षं शिकलोय. मंजूषाताई म्हणाल्या, मी पुण्यात स्पर्धेची नाटकं बसवायचे, तीन वेळा पहिली आले. पाळी रविकांतवर आली. 'मी मागच्या रांगेत दुसरं गिटार' हे तोंडातून बाहेर येईना. तो म्हणाला, "पुण्यात असताना मी थोडंफार संगीत द्यायचो."

एवढंच. पण मंजूषाताईंचे डोळे चमकले, आणि त्या दिवसापासून रविकांत मंडळाचा संगीतकार झाला. सहा वर्षं त्याने हे वाक्य परत घेतलं नाही. घ्यायची वेळच आली नाही म्हणा. तोवर कोणी त्याच्याकडे चाल मागितली नव्हती.

सोळा नंबरमधले कोर हे बहात्तर वर्षांचे विधुर. विमानांच्या इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले, हात अजून वंगणात घडल्यासारखे. पहिली गाठ कुंपणावरून पडली. एका उन्हाळी रविवारी रविकांतने कपाटावरचं गिटार काढून बागेत मांडीवर घेतलं होतं. कुंपणापलीकडून एक पांढरं डोकं वर आलं.

"हे गिटार झोपलंय का? बरं नाहीये त्याला?"

"ते असंच वाजतं," रविकांत आपल्या मोडक्या डचमध्ये म्हणाला.

कोरनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या चार वाजता कॉफीला ये. तुला काहीतरी ऐकवायचंय."

कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं. एकच. मग डब्याचं झाकण लागलं, ही इथली रीत. आणि कोरनी एक तबकडी लावली.

कोरची बायको हॅने जर्मन होती. तिचा धाकटा भाऊ ऊवे, वेझर नदीकाठच्या एका खेड्यात राहणारा. सत्तरच्या दशकात तिकडच्या काही तरुण पोरांना आपल्या बापाचं संगीत नको होतं आणि इंग्रजांची नक्कलही नको होती. त्यांनी ढोल सरळ पुढे सोडला. न वळता, न थांबता, एकाच चालीत जाणारा. आणि त्यावर काय वाटेल ते प्रयोग केले. ऊवेने केलेला प्रयोग सगळ्यांत साधा होता. त्याने गिटारला गायला लावलं. गुरांच्या रिकाम्या गोठ्यात टेपयंत्र मांडून, एका गिटारवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं असं चढवत त्याने तीन तबकड्या केल्या. तिन्हींत मिळून माणसाचा एक शब्द नाही. प्रत्येकीच्या पाचशे प्रती काढल्या. त्यातल्या निम्म्या अजून त्याच गोठ्यात पडून आहेत. पुढे त्याने रोपवाटिका काढली आणि गिटार ठेवून दिलं.

रविकांत खुर्चीच्या कडेवर येऊन बसला. सुई फिरत होती, थोडी चरचर होती, आणि त्यातून ती चाल निघाली. ढोल असा, जसं रिंगव्हार्ट कालव्याच्या बांधावरून सायकल मारत जावं. दोन्ही बाजूंना सपाट रान, समोर रस्ता, कुठेही वळण नाही. आणि वरती गिटार, सावकाश, लांब, कुणाला तरी सोडायला आल्यासारखं. मिरजेचा रेडिओ, चौथीची इयत्ता, शब्द म्हणणारा माणूस उठून गेलेला. सगळं एकदम समोर आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोरनी ते पाहिलं आणि नियम मोडून बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला.

तेव्हापासून दर सोमवारी चार वाजता कॉफी. गावाकडे नाव न घेता मोठ्या माणसाला हाक मारायची सवय असलेला रविकांत बहात्तर वर्षांच्या माणसाला तोंडावर 'कोर' म्हणायला शिकला. घरात मात्र संध्या 'कोरकाका'च म्हणायची. पुढे एके दिवशी कोरनी तिन्ही तबकड्या त्याच्या हातात दिल्या. "घरी ने. नीट ऐक. घाई नाही."

यंदाच्या जुलैत मंजूषाताईंचा फोन आला.

"रवी, गणपतीत मी एकांकिका करतेय. मीच लिहिलीय. आई मुलाकडे परदेशात येते आणि शेवटी परत जाते. मला शब्द नकोत, गाणं नको. नुसती चाल. आई दारातून निघते तिथे. तुझी."

"माझी?"

"मग कोणाची? सहा वर्षं नुसता संगीतकार म्हणून मिरवतोयस, लेका. आता दे काहीतरी."

रविकांतने तीन आठवडे प्रयत्न केला. कीबोर्ड आणला. गिटार मांडीवर घेतलं. जे सुचायचं ते कुठलं तरी जुनं गाणं निघायचं. तालमी सुरू झाल्या, मंजूषाताई रोज विचारू लागल्या, आणि एका संध्याकाळी त्याने ऊवेची दुसरी तबकडी लावून रेकॉर्ड-प्लेअरची वायर कॉम्प्युटरला जोडली. नुसतं ऐकण्यासाठी, असं तो संध्याला म्हणाला.

मग त्याने चरचर काढायला घेतली. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, तिच्यावर कुसळासारखे बारीक काटे दिसतात, एकेक काटा शोधून उपटायचा. चार संध्याकाळी तो हे करत बसला. आयुष्यात कुठल्याच संगीतावर त्याने इतकी मेहनत केली नव्हती. शेवटी चाल अशी स्वच्छ झाली की जणू काल वाजवली असावी. एकच जागा त्याने तशीच ठेवली. आठ मात्रांचं आवर्तन सरळ चाललेलं असताना एका ठिकाणी ते साडेचारवरच तुटत होतं आणि पुढचं आवर्तन सुरू होत होतं. तिथे काटा वगैरे काही दिसत नव्हता. ऐकताना पायरी चुकल्यासारखं व्हायचं. रविकांतला ती जागा फार आवडली. वा रे पठ्ठ्या, तो ऊवेला मनातल्या मनात म्हणाला.

मंजूषाताई तर उडाल्याच. त्यांनी आईचं दारातलं वळणं नेमकं त्या साडेचारवर बसवलं.

गणपतीचा कार्यक्रम आम्स्टेलव्हेनच्या एका सभागृहात झाला. रविकांत ध्वनीच्या टेबलापाशी होता. दिवे मंद झाले, चाल सुरू झाली, आई बॅग घेऊन निघाली, साडेचारवर वळली, आणि दीडशे माणसांचा श्वास एकाच वेळी अडकल्याचं त्याला ऐकू आलं. रंगभूमीवर ज्याने हा आवाज ऐकलाय तो जन्मभर दुसरं काही मागत नाही.

मग सत्कार. मंजूषाताईंनी नाव पुकारलं, शाल आली, नारळ आला, टाळ्या आल्या. आणि दुसऱ्या रांगेतून नीळकंठ उठला.

"रविकांतराव, ते शेवटचं काय प्रकरण आहे? आठात चाललेलं मधेच साडेचार? मी बोटांवर दोनदा मोजलं!"

इथे नुसतं हसून खाली उतरता आलं असतं. पण शालीची ऊब असते, दिव्यांचा झोत असतो.

"पकडलंत, नीळकंठराव!" रविकांत म्हणाला. "आई वळते तेव्हा तिच्या काळजाचा ठोका चुकतो. मी तो ठोका चालीतूनच काढून घेतला. अशी सरळ जाते, सरळ जाते, आणि..." त्याने तळहात हवेत सरळ नेला आणि मधेच टुणकन उडवला. "रात्ररात्र बसलोय मी त्या साडेचारवर."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. रविकांतने झुकून नमस्कार केला, मान वर केली, आणि तिसऱ्या रांगेत त्याला कोर दिसले. संध्याच्या शेजारी. अंगात ठेवणीतला कोट, मांडीवर मंडळाने पाहुण्यांना दिलेला नारळ. रुमालाने डोळे टिपत होते.

संध्याने त्यांना आयत्या वेळी बोलावलं होतं. त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

बाहेर कोरनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "मोय, राव्ही," ते म्हणाले. "मोय." सुंदर. बाकी अक्षर नाही.

हे 'बाकी अक्षर नाही' रविकांतच्या जिव्हारी लागलं. इथली माणसं तोंडावर बोलतात. केस वाईट कापलेत तर सांगतात, कॉफी पातळ झाली तर सांगतात. हा माणूस काहीच बोलला नाही, म्हणजे त्याला केवढं लागलं असेल! आपल्या मेव्हण्याची चाल, आपणच हौसेने दिलेल्या तबकडीवरची, आणि टाळ्या घेतोय शेजारी. पुढचे दोन सोमवार रविकांत कामाचं निमित्त सांगून कॉफीला गेला नाही. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायचा तर आधी बाहेर डोकावून बघे. तबकड्या त्याने टीव्हीमागे उभ्या करून ठेवल्या. देऊन टाकायचा धीर होईना, समोर ठेवायचाही होईना. आणि सोळा नंबरच्या खिडकीत नारळ जाऊन बसला.

तर तो हा रविवार. जिन्याखालची खुर्ची. मागच्या दारावर टकटक झाली, संध्याने दार उघडलं, आणि कोर नारळ हातात घेऊन आत आले. पुढच्या दाराकडे डोळा ठेवून बसलेला रविकांत मागच्या दाराने पकडला गेला.

"हा स्वतःहून फुटला," कोर काळजीच्या स्वरात म्हणाले. "हीटर लावला, रात्रीत तडा गेला. सगळं पाणी कट्ट्यावर. वाईट असतं का हे?"

"मुळीच नाही," संध्या म्हणाली. "द्या इकडे. वड्या करते."

"आणि अजून एक मिळेल का? खिडकीत एकटा बरा नाही दिसत. दोन हवेत." मग ते रविकांतकडे वळले. "तू जिन्याखाली काय करतोयस?"

"इथे... गार वाटतं."

कोर समोरच्या खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. रविकांतने मनाशी म्हटलं, आता.

"तू कॉफीला येत नाहीस," कोर म्हणाले. "मला कळतंय का ते. तू संकोची माणूस आहेस. पण मला आभार मानू दे ना."

"आभार?"

"हॅनेचे. त्या दिवशी तू सगळ्यांना हॅनेबद्दल सांगितलंस त्याचे." त्यांनी आपला जाड तळहात हवेत सरळ नेला आणि मधेच उडवला. "तू असं केलंस ना, तेव्हाच मी ओळखलं. अठ्ठ्याहत्तर साली ऊवेने ती रेकॉर्ड पोस्टाने पाठवली. हॅनेने लावली. भावाचं गिटार ऐकून ती अशी उडी मारून नाचली की टेबलाला धक्का बसला आणि सुई घसरली. तेव्हापासून त्या जागी सुई एक उडी मारते. मी दिवसभर तिच्याशी बोललो नव्हतो, एवढा चिडलो होतो." ते थांबले. "तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं, नाही का? मग तुझ्या बायकोला सांगितलं असेल. म्हातारा झालोय. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हॅनेची उडी ऐकली मी, राव्ही. आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या."

आत स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला होता.

रविकांतच्या कानात स्वतःचेच शब्द परत आले. साडेचार मात्रा. रात्ररात्र बसलोय मी. सत्तावीस वर्षांपूर्वी एका बाईने आनंदाने मारलेली उडी.

"ऊवेला फोन करून सांगितलं," कोर म्हणाले. "त्याच्या चालीला आजवर हॉलमध्ये टाळ्या पडल्या नव्हत्या. त्याला तुझं भाषण हवंय. तू जे बोललास ते डचमध्ये लिहून दे, मी त्याला जर्मन करून पाठवतो. शब्दन् शब्द."

कोर गेल्यावर संध्या पदराला हात पुसत आली.

"त्यांनी तुला हॅनेचं कधी सांगितलं होतं?" रविकांतने विचारलं. "म्हणजे, ती सुईची गोष्ट..."

"मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तू स्टेजवर हातवारे करत होतास तेव्हा त्यांनी मला विचारलं, तो हॅनेच्या उडीबद्दल सांगतोय का? कोण हॅने, कसली उडी, मला काय माहीत! पण त्यांचे डोळे भरलेले. ती चाल त्यांच्या रेकॉर्डवरची आहे हे मला ठाऊक होतं. भिंतीपलीकडून चार संध्याकाळी ऐकलीय मी. आणि तू वर उभा राहून... मी हो म्हणाले."

"हो म्हणालीस?"

"मग काय म्हणू? नाही, तो म्हणतोय मी केलंय? माझ्या तोंडून निघेना ते. मान खाली घालून हो म्हटलं. तुझं खोटं तुझ्यापाशी राहिलं असतं तर मी गिळलं असतं, रवी. आता ते माझंही झालं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा आत गेली आणि खोबरं खवायला लागली.

रविकांतने कागद घेतला. डचमध्ये लिहिलं: 'मी म्हणालो की'. पुढे पेन सरकेना. खोटं लिहिणं सोपं होतं. हॅनेची गोष्ट लिहायची, सगळे खूश. भाषण दोनदा झालं तर पहिलं कोण तपासणार? त्याने कागद चुरगळला, दुसरा घेतला. तिसऱ्या कागदावर संध्याने मागून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खोटंच लिहायचं तर निदान व्याकरण तरी बरोबर लिही."

त्याने मंजूषाताईंना फोन लावला. दिवाळीला आल्मेरेमध्ये त्याच एकांकिकेचा दुसरा प्रयोग ठरला होता.

"ताई, ती चाल माझी नाही."

"मग कोणाची?"

"एका जर्मन माणसाची. रेकॉर्डवरची."

"म्हणजे चाल त्याची, वाजवलंयस तू."

"वाजवलंयही त्यानेच."

"मग तू काय केलंस?"

"चरचर काढली."

मंजूषाताईंनी मोठा सुस्कारा टाकला. मग त्यांचा आवाज मऊ झाला. पोरं वाक्य विसरली की विंगेतून यायचा तसा. "हे बघ, पत्रकं छापून झालीयत. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी 'संगीत संकलन' लिहू. आल्मेरेला मी तुझं नाव भरभर घेऊन पुढे जाईन, तू नुसता हात जोड. स्वतःहून तमाशा करू नकोस, माझ्या राजा. लोक नाटक विसरतील आणि हेच लक्षात ठेवतील."

त्या खरंच बोलत होत्या. चांगल्या मनाने बोलत होत्या. फोन ठेवल्यावर रविकांतला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

कोरना त्याने सांगितलं, "आल्मेरेला मी पुन्हा बोलणार आहे. त्यानंतर लिहून देतो."

"मग मी येतोच," कोर म्हणाले.

आल्मेरेचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. नवं गाव, नवं सभागृह, बाहेर वारा. आत चकल्या, चिवडा, जरीची परकर-पोलकी घालून धावणारी आणि एकमेकांशी डचमध्ये भांडणारी मुलं. दोनशे माणसं. तिसऱ्या रांगेत कोर, तोच कोट, बाजूला संध्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर खास डब्यात आणलेल्या नारळाच्या वड्या.

प्रयोग झाला. चाल गेली, सरळ, कालव्याकाठच्या रस्त्यासारखी. आई साडेचारवर वळली. श्वास अडकला. रविकांतने टेबलापाशी डोळे मिटून घेतले, आणि पहिल्यांदाच त्याला तिथे ठोका ऐकू आला नाही. उडी ऐकू आली.

मंजूषाताईंनी शब्द पाळला. "नेपथ्य अनिमेष, संगीत रविकांत, वेशभूषा..." अशा एका दमात त्या पुढे गेल्या. तबकात शाल होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. आता फक्त हात जोडायचे होते. रविकांत पायऱ्या चढून वर गेला आणि त्याने त्यांच्या हातातून माईक मागून घेतला. मंजूषाताईंनी डोळ्यांनी 'नको' म्हटलं. मग माईक दिला.

त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. या वेळी कसलेही हातवारे झाले नाहीत.

"ही चाल मी केलेली नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की मागून कोणीतरी "मोठ्याने!" म्हणालं. "ही चाल मी केलेली नाही. वेझर नदीकाठी ऊवे नावाचे एक गृहस्थ राहतात, त्यांची आहे. वाजवलंयही त्यांनीच. मी त्यांना विचारलं नाही. गणपतीत आम्स्टेलव्हेनला मी तुमच्याकडून शाल घेतली. नीळकंठरावांनी साडेचार मात्रांचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी रात्ररात्र बसून ते केलं. ते ऊवेंनीही केलेलं नाही. त्यांची बहीण हॅने ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना आनंदाने नाचली आणि सुई घसरली. त्या बाई आता नाहीत. ती त्यांची उडी आहे. आणि पुण्यात मी कधी संगीत दिलं नव्हतं. मी मागच्या रांगेत दुसरं गिटार वाजवायचो. एवढंच सांगायचं होतं."

टाळी नाही. एक खुर्ची करकरली. कोणीतरी खोकलं. नीळकंठने आपल्या बोटांकडे पाहिलं, ज्यांच्यावर त्याने दोनदा मोजलं होतं. मागच्या एका लहान मुलीने आईला डचमध्ये विचारलं, "संपलं का?" आणि आईने तिला गप्प केलं. मंजूषाताईंनी माईक परत घेतला, घसा साफ केला, आणि फराळ बाहेर मांडला आहे असं जाहीर केलं.

रंगमंचावर माणसाने अनेक तऱ्हेच्या शांतता ऐकलेल्या असतात. ही त्यातली सर्वांत लांब होती. चार पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत यायला रविकांतला जणू रिंगव्हार्टचा अख्खा बांध चालावा लागला. माणसं उठत होती, वाट देत होती, त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होती. संध्या जागची हलली नव्हती. तिचे डोळे भरले होते, पण या वेळी तिने मान खाली घातली नव्हती.

कोर मात्र गोंधळून उभे राहिले होते. एकदा रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे.

"काय झालं, राव्ही?" ते म्हणाले. "मागच्या वेळी केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! आज तू हातही हलवला नाहीस. हॅनेचं सांगायला विसरलास का?"

रविकांत म्हणाला, "सांगितलं, कोर. आज पहिल्यांदाच सांगितलं."